लायसन्सआधी शिक्षण सक्तीचं करा: गोव्याच्या वाहतूक खात्याला खुलं पत्र

प्रति,
माननीय वाहतूकमंत्री आणि वाहतूक संचालक,
गोवा सरकार, पणजी

विषय: नव्या चालकांना प्रशिक्षित शिक्षकाकडून गाडी शिकणं सक्तीचं करण्याबाबत

महोदय,

मी डिचोली तालुक्यात राहते. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले. पत्र तुमच्या नावे लिहिलं असलं तरी ज्या घरात मूल अठरा वर्षांचं होत आलं आहे, अशा गोव्यातल्या प्रत्येक घराने ते वाचावं अशी माझी इच्छा आहे. दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम होतात. शाळांतून चित्रकला स्पर्धा होतात, घोषवाक्यं लिहिली जातात, हेल्मेट घालून रॅली निघते, फोटो छापून येतात. माझ्या नोकरीच्या काळात मीही मुलांना अशा रॅलींना नेलं आहे. पण आज जो नवा चालक लायसन्स खिशात घालून रस्त्यावर येतो, तो गाडी शिकला कोणाकडून आणि किती शिकला, हे त्या सगळ्या कार्यक्रमांत मी कोणाला विचारताना ऐकलं नाही.

हा प्रश्न मला का छळतो ते सांगते. माझ्या सासूबाई एका सकाळी देवळातून घरी येत होत्या. आमच्याकडचा रस्ता उताराचा, एका बाजूला चिऱ्यांची कुंपणभिंत, दुसऱ्या बाजूला गटार. समोरून बस आली म्हणून त्या डांबर सोडून खाली तांबड्या मातीत उभ्या राहिल्या. उतारावरून एक कार आली. चालवणाऱ्याला बस दिसली, तो घाबरला, आणि ब्रेकवर जायचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर गेला. सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता त्या वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. देऊळ सुटलं.

मुलगा गावातलाच, एकोणीस वर्षांचा. पळून गेला नाही. त्यानेच त्यांना उचलून गाडीत घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. अजूनही अधूनमधून घरी येतो, सासूबाई त्याला समोर बसवून चौकशी करतात. एकदा मी त्याला विचारलं, गाडी कोणी शिकवली? म्हणाला, मामेभावाने, खाणीच्या बंद पडलेल्या जागेवर, रविवारी रविवारी. उतारावर गाडी थांबवायची सवय केली होती का, असं विचारलं तर म्हणाला, नाही, तिथं सगळं सपाटच होतं. मग टेस्ट? टेस्ट पहिल्याच वेळी पास झाला.

मला त्या मुलाची तक्रार करायची नाही. त्याने लर्निंग लायसन्स काढलं होतं, ठरलेले दिवस थांबला होता, टेस्ट दिली होती, दारू प्यायला नव्हता, वेगही फार नव्हता. कायद्याने मागितलं ते सगळं त्याने दिलं होतं. कायद्याने फारच थोडं मागितलं होतं, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे.

कायदा काय मागतो ते वाचकांसाठी मांडते. मोटार वाहन कायदा 1988 चा आणि त्याखालचे केंद्रीय नियम 1989 चे. लर्निंगसाठी संगणकावर पंधरा प्रश्न, त्यांतले नऊ बरोबर आले की झालं. त्यानंतर तीस दिवस थांबायचं आणि पक्क्या लायसन्ससाठी टेस्टला जायचं. या तीस दिवसांत उमेदवाराने गाडी किती तास चालवली, कुठे चालवली, पावसात चालवली का, रात्री चालवली का, हे कोणी विचारत नाही. त्याची नोंद ठेवायला वहीसुद्धा नाही. तीस दिवस गाडीला हात न लावता घरी बसलेला आणि तीस दिवस रोज शिकलेला, दोघेही एकाच रांगेत उभे राहतात. ज्या विषयाचा वर्गच भरला नाही त्याची परीक्षा घेऊन मी मुलांना पास केलं असतं, तर शिक्षण खात्याने मला घरी बसवलं असतं.

शिक्षणाची सक्ती कायद्याला मान्यच नाही, असंही नाही. याच कायद्याच्या कलम 9 मध्ये वाहतुकीचं वाहन चालवायचं लायसन्स हवं असेल तर ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला लागतो. ट्रक चालवणाऱ्याला शिकून यायला सांगायचं आणि कारवाल्याला, स्कूटरवाल्याला कोणाहीकडून शीक म्हणायचं, असा हा प्रकार. त्यात आणखी भर पडली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल दिला की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस 7,500 किलोपर्यंतचं वाहतुकीचं वाहनही वेगळ्या परवानगीविना चालवू शकतो. न्यायालयासमोर प्रश्न मुख्यतः विम्याच्या भरपाईचा होता आणि गरीब चालकांच्या पोटापाण्याचा विचार त्यात होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परिणाम असा की माळावर मामेभावाकडून शिकून मिळवलेल्या त्याच लायसन्सवर आता मालाने भरलेला टेम्पोही चालतो. म्हणजे सक्तीच्या शिक्षणाची जी एक फट होती तीही बरीचशी बुजली.

आता शिकवतो कोण ते पाहू. नियम 3 सांगतो की शिकाऊ माणसाबरोबर लायसन्सधारक बसलेला हवा आणि गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला हवा. तो किती वर्षं गाडी चालवतो आहे, याला अट नाही. काल लायसन्स मिळालेला आज दुसऱ्याला शिकवायला बसू शकतो. इंग्लंडात घरच्या माणसाकडून शिकायला मुभा आहे, पण शिकवणारा किमान 21 वर्षांचा आणि तीन वर्षं लायसन्स असलेला लागतो. आणि ‘गाडी थांबवता येईल अशा जागी’ म्हणजे कुठे? घरच्या कारमध्ये डाव्या सीटवर बसलेल्या बापाच्या हाताशी फक्त हॅन्डब्रेक असतो. नव्या गाड्यांत तर तोही गेला, त्याच्या जागी एक बटण आलं आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली वेगळा क्लच आणि ब्रेक असतो, तो असलाच पाहिजे असा नियमच आहे. घरच्या गाडीत शिकणाऱ्याची चूक सावरायला आरडाओरड सोडून दुसरं साधन नाही. आणि ओरडलं की नवखा माणूस आणखी गोंधळतो, हे घरोघरच्या आईबापांना ठाऊक आहे.

घरच्या माणसांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. बाप जीव तोडून शिकवतो. पण बापाच्या अंगात वीस वर्षांत ज्या खोडी मुरल्या, त्याही तो शिकवतो. वळणावर हॉर्न वाजवला की ओव्हरटेक करायला हरकत नाही, हे तो शिकवतो. सर्कलवर जो आधी घुसेल त्याचा रस्ता, हेही शिकवतो. रात्री समोरून गाडी आली तरी हायबीम ठेवायचा, हे तर न सांगताच शिकवलं जातं. आपल्याकडचे रस्ते कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. चोर्ला घाटातली वळणं, साखळी-डिचोली भागातले खनिजाचे टिपर, पर्वरीला पुलाच्या कामातून काढलेली वाट, झुवारीच्या नव्या पुलावरचा वेग, आणि गावात शिरल्यावर घराच्या पायरीला लागून गेलेला डांबरी रस्ता, त्यावर संध्याकाळी बसलेली गुरं. जूनचा पहिला पाऊस पडला की तांबडी माती डांबरावर वाहून येते आणि स्कूटरचं चाक कधी सरकलं ते कळत नाही. हे सगळं एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाताना तासाभरात भेटतं. सपाट माळावर शिकून याची तयारी होत नाही.

टेस्टबद्दल बोलायला हवं. नियम 15 मध्ये टेस्टमध्ये काय काय बघायचं याची लांबलचक यादी आहे. चढणीवर गाडी थांबवून, मागे घसरू न देता पुन्हा पुढे काढता येते का. आरशात बघून मग इशारा देतो का. दुसऱ्याला ओव्हरटेक करू देतो का. उतारावर वेळीच खालचा गियर टाकतो का. यादी उत्तम आहे, शिक्षक म्हणून मी तिला पूर्ण गुण देईन. पण एका कार्यालयाच्या मैदानावर माझ्या भाचीची टेस्ट मी स्वतः कुंपणाबाहेर उभी राहून पाहिली. गाडी थोडी पुढे, वळवून थोडी मागे, थांब. साहेब गाडीत बसलेही नाहीत. दुचाकीवाल्यांनी आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही म्हणजे पास. चढण त्या मैदानावर नव्हतीच. भाची आनंदात, घरचे आनंदात. त्याच आठवड्यात तिने फोंड्याहून पणजीला एकटीने गाडी न्यायची ठरवली तेव्हा घरात सगळ्यांची बोलती बंद झाली होती. लायसन्स द्यायला सरकार तयार, पण तिच्या आईबापाला तिला सोडायचा धीर होईना.

आणि दुचाकी. या पत्रातला माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. गोव्यात घरटी स्कूटर आहे. कॉलेजला जाणारी मुलगी, वेर्णा-कुंडईच्या कारखान्यात शिफ्टला जाणारा कामगार, बाजारात जाणारी बाई, पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, सगळे दुचाकीवर. राज्यात गेली काही वर्षं दरवर्षी दोनशेवर माणसं रस्त्यावर मरतात, 2022 नंतर हा आकडा अडीचशेच्याही वर राहिला आहे, आणि त्यांत निम्म्याहून अधिक दुचाकीवरचे असतात. असं असताना दुचाकी शिकवतं कोण? आमच्या भागातल्या ड्रायव्हिंग स्कूलांत मी चौकशी केली. कार शिकवतो, म्हणाले. स्कूटर? स्कूटर शिकायला कोण येतं, बाई? खरंच कोणी येत नाही. सायकल येते म्हणजे स्कूटर येते, असं आपण धरून चाललो आहोत. ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक एकदम दाबला तर काय होतं, बसच्या मागे किती अंतर ठेवायचं, वळणावर नजर कुठे ठेवायची, मागे माणूस बसला की ब्रेक लागायला किती जास्त अंतर जातं, या गोष्टी एकदा पडल्याशिवाय कोणाला कळत नाहीत, आणि काही जण पडल्यावर उठत नाहीत. इंग्लंडात दुचाकी रस्त्यावर आणण्याआधी सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण 1990 पासून आहे. कारसाठी तिथं सक्ती नाही, दुचाकीसाठी आहे. आपल्याकडे दुचाकीला सर्वांत सोपी टेस्ट आणि शिकवणारा कोणीच नाही.

पर्यटकांकडे बोट दाखवणं गोव्यात सोपं झालं आहे. भाड्याच्या गाड्या बेफाम चालवणारे आहेत, त्यांच्यावर कारवाई व्हावी. दारू पिऊन चालवणाऱ्यांवरही व्हावी. पण सासूबाईंना ठोकणारा मुलगा आमच्या गावचा होता.

अपघातांच्या कारणांत शिक्षणाचा अभाव दिसत नाही, असं तुमचं खातं म्हणू शकेल. दिसणार कसा? 2022 च्या केंद्रीय अहवालात देशभरातल्या 1,68,491 मृत्यूंपैकी सुमारे 71 टक्के अतिवेगाच्या खात्यात टाकले आहेत. पोलिसांच्या कागदावर ‘हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून’ हे शब्द आधीच तयार असतात, पूर्वी भारतीय दंड संहितेतलं कलम 279 होतं, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेतलं 281 आहे. पाय चुकीच्या पेडलवर पडला, समोरच्या गाडीचं अंतर ओळखता आलं नाही, वळणावर गाडी सावरता आली नाही, हे सगळं त्याच एका वाक्यात जातं. ज्याची नोंदच होत नाही ते कारण आकड्यांत कसं सापडेल?

आता ड्रायव्हिंग स्कूलांकडे वळते, कारण सक्ती करा म्हणताना तिथली परिस्थिती झाकून ठेवणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. नियम 31 प्रमाणे खासगी वाहनासाठीचं शिक्षण किमान 21 दिवसांचं असावं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं 10 तासांपेक्षा कमी नसावं. प्रत्येक शिकणाऱ्याच्या तासांची नोंद नमुना 15 मध्ये ठेवायची असते. शिक्षक दहावी पास, पाच वर्षांचा अनुभव आणि मेकॅनिकचं प्रमाणपत्र असलेला हवा. कागदावर हे चांगलं आहे. प्रत्यक्षात माझी एक शेजारीण एका स्कूलमध्ये शिकली. गाडीत तिघीजणी, एका फेरीत प्रत्येकीच्या वाट्याला येतील तेवढी मिनिटं. क्लच शिक्षक स्वतःच्या पायाने दाबत होता, गियर बदलताना हातही त्याचाच. तिने स्टिअरिंग धरलं, एवढंच. कोर्स पुरा झाला, दाखला मिळाला, आणि घरची गाडी गेटमधून बाहेर काढताना तिचं इंजिन बंद पडत राहिलं, कारण हाफ क्लच तिच्या पायाला कधी कळलाच नव्हता. सगळी स्कूलं अशी नाहीत. काही शिक्षक मन लावून शिकवतात, त्यांच्याकडे शिकलेल्यांचा हात वेगळा दिसतो. पण चांगल्यात आणि वाईटात फरक करणारी तपासणी तुमच्या खात्याने करायची आहे आणि ती आम्हाला कुठे दिसत नाही.

म्हणून मला भीती हीच वाटते की सक्ती झाली तर उद्या दाखल्यांचा बाजार भरेल. एजंट म्हणेल, लर्निंग, दाखला, टेस्ट, सगळं मिळून अमुक द्या, तुम्ही नुसती सही करा. ही भीती खरी आहे. पण या भीतीने सक्तीच नको म्हणणं म्हणजे कॉपी होते म्हणून शाळाच बंद करण्यासारखं आहे. तास खरे भरले की नाही हे बघायची साधनं आज आहेत. बँकेचा व्यवहार ओटीपीवर होतो, रेशन अंगठ्याच्या ठशावर मिळतं, मग स्कूलच्या गाडीत शिकणारा बसल्याची आणि उतरल्याची नोंद त्याच पद्धतीने करणं अवघड का असावं?

दुसरा आक्षेप पैशाचा. हा मला सर्वांत रास्त वाटतो. ड्रायव्हिंग स्कूलची फी काही हजारांत जाते. रोजंदारीवर जाणाऱ्या घरातल्या मुलाला स्कूटरचं लायसन्स नोकरीसाठी लागतं, शौकासाठी नाही. त्याच्यावर हा खर्च लादून त्याला विनालायसन्स चालवायला भाग पाडायचं असेल तर सक्ती नकोच. सत्तरीतल्या, सांग्यातल्या, काणकोणच्या आडगावातल्या मुलांनी शिकायला रोज म्हापशाला किंवा मडगावला जायचं असेल तरीही नको. सक्ती आणि सोय एकाच दिवशी यायला हवी.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा, आणि त्याचं उत्तर देणं मला महत्त्वाचं वाटतं. नुसतं स्कूलमध्ये शिकल्याने अपघात कमी होतात, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. नॉर्वेत निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं शिक्षण सक्तीचं केल्यावर तरुण मुलग्यांचे अपघात उलट वाढल्याचं आढळलं. गाडी सावरता येते असा भरवसा वाढला आणि वेगही वाढला. उलट स्वीडनने 1993 मध्ये शिकायला सुरुवात करायचं वय साडेसतरावरून 16 वर आणलं, लायसन्स मात्र 18 लाच ठेवलं. मुलांना जाणत्या माणसाबरोबर सरावाला जास्त काळ मिळाला आणि त्या सरावाचा फायदा झालेल्यांचे अपघात कमी झाले. याचा अर्थ मी असा घेते: शिक्षकाकडून पाया घालून घ्यावा, आणि त्यानंतर घरच्या माणसाबरोबर भरपूर, नोंद ठेवलेला सराव व्हावा. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. मामेभावाचा उपयोग दुसऱ्या टप्प्यावर आहे, पहिल्या नाही.

आपल्या लोकांना हे नवीन नाही. गोव्यातलं मूल दुबईला कामाला गेलं की गोव्याचं लायसन्स तिथं चालत नाही, सहसा संस्थेत नाव घालून ठरलेले तास भरावे लागतात आणि टेस्टमध्ये दोनदा तीनदा नापास होणारेही असतात. पोर्तुगालात गेलं तर कारसाठी स्कूलमध्ये 32 तास आणि 500 किलोमीटर चालवावं लागतं. तिथं आपली मुलं निमूटपणे शिकतात, पैसे भरतात, आणि सुट्टीत घरी आल्यावर सांगतात की बाबा, तुम्ही इंडिकेटर देत नाही. मग इथंच ते शिकवायला आपली हरकत कशाला असावी?

केंद्राचा कायदा आहे, आमच्या हातात काय, असं तुम्ही म्हणाल याची मला कल्पना आहे. यंत्रावर चालणारी वाहनं हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. राज्य विधानसभा त्यावर कायदा करू शकते, केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरला तर राष्ट्रपतींची मंजुरी घ्यावी लागते. तो लांबचा रस्ता आहे, पण रस्ता आहे. आणि त्याची वाट न पाहता करता येण्यासारखं बरंच तुमच्या सहीखाली आहे.

माझ्या मागण्या अशा.

पक्क्या लायसन्ससाठी, कार असो वा दुचाकी, मान्यताप्राप्त शिक्षकाकडून ठरावीक तासांचं शिक्षण सक्तीचं करावं. कारसाठी नियमातले 10 तास हा किमान आकडा धरावा, दुचाकीसाठी निदान दोन दिवसांचं मैदानातलं आणि रस्त्यावरचं शिक्षण असावं. त्यातला काही भाग चढण-उतारावर, काही रात्री आणि शक्य असेल तेव्हा पावसात व्हावा. येत्या अधिवेशनात सरकारने यावर भूमिका मांडावी आणि केंद्राकडे तशी शिफारस पाठवावी.

टेस्ट नियम 15 मध्ये लिहिल्याप्रमाणे घ्यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. निरीक्षकाने गाडीत बसावं, उमेदवाराला खऱ्या रस्त्यावर न्यावं आणि चढणीवर गाडी थांबवून पुन्हा काढायला लावावी. गोव्यात चढण शोधायला लांब जावं लागत नाही.

प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूलची वर्षातून एकदा तरी न कळवता तपासणी करावी. नमुना 14 (नावनोंदणी) आणि 15 (तासांची नोंद) च्या वह्या तपासाव्यात, गाडीत एका वेळी एकच शिकणारा असावा, आणि कोणत्या स्कूलमधले किती उमेदवार पहिल्या टेस्टमध्ये पास होतात हे दर वर्षी जाहीर करावं. पालकांना निवड करायला तेवढं पुरेल.

दुचाकी शिकवायची सोय सरकारने स्वतः उभी करावी. म्हापशापासून काणकोणपर्यंत सरकारी आयटीआय आहेत, त्यांना जागा आहे. कदंब महामंडळाचे निवृत्त चालक गावोगावी आहेत. चोर्ला आणि अनमोड घाटांत पावसाळ्यात भरलेली बस चालवलेल्या माणसांइतके जाणते शिक्षक आपल्याला दुसरीकडे मिळणार नाहीत. त्यांना आवश्यक ते प्रमाणपत्र मिळवून द्यावं आणि शनिवार-रविवारी वर्ग चालवावेत. मुली आणि बायका मोठ्या संख्येने स्कूटर चालवतात, तेव्हा शिकवणाऱ्यांत बायकाही हव्यात.

ज्यांची ऐपत नाही त्यांची फी सरकारने भरावी. दंडातून सरकारच्या तिजोरीत जमा होणारा पैसा याहून चांगल्या कामाला लागणार नाही.

लर्निंगच्या काळात सरावाची वही सुरू करावी. शिकवणाऱ्याने किमान तीन वर्षं लायसन्सधारक असावं अशी अट घालावी. आणि एल बोर्ड लावून फिरणाऱ्या गाडीमागे हॉर्न वाजवणाऱ्यांना समज देण्यासाठी पोलिसांना सांगावं, कारण शिकणाऱ्याला बिचकवून कोणी चांगला चालक होत नाही. गोव्यात एल बोर्ड लावायला मुलं लाजतात ती याच हॉर्नमुळे.

केंद्राने 2021 मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले. त्यात हलक्या वाहनासाठी 29 तासांचा अभ्यासक्रम आहे, 8 तास वर्गात आणि 21 तास गाडीवर. सपाट भागात त्यासाठी दोन एकर जागा लागते. उत्तर आणि दक्षिण गोव्यात असं प्रत्येकी एक केंद्र सरकारने स्वतः चालवावं. ते खासगी हातात देऊन तिथल्या पास झालेल्यांना टेस्ट माफ करायची असेल, तर आधी तिथली टेस्ट कशी होते ते लोकांना बघू द्यावं.

या पत्राची प्रत मी आमच्या मतदारसंघाच्या आमदारांना आणि ग्रामसभेसाठी पंचायतीला दिली आहे. इतर गावांतल्या वाचकांना या मागण्या पटत असतील तर त्यांनी आपापल्या ग्रामसभेत ठराव मांडावेत आणि त्यांच्या प्रती तुमच्या खात्याकडे पाठवाव्यात. आपल्या खात्याने या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, हे मुद्द्यांनिशी वर्तमानपत्रांतून जाहीर करावं, ही विनंती.

आपली,
डिचोली तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका